चूडीवाजुं, थाळीवाजुं आणि कमानीची लांबी : सुरतेच्या वाटेवरील चावीचा ग्रामोफोन

गुजराती भाषेत ग्रामोफोनला ‘थाळीवाजुं’ हा शब्द आहे, आणि त्याआधीच्या, मेणाच्या नळकांड्यावर ध्वनी उमटवणाऱ्या फोनोग्राफला ‘चूडीवाजुं’ म्हटले गेले. या दोन शब्दांत यंत्राच्या दोन पिढ्या नेमक्या वेगळ्या झालेल्या दिसतात. फोनोग्राफचे नळकांडे पोकळ असते आणि मनगटावर बांगडी चढवावी तसे ते यंत्राच्या फिरत्या दांड्यावर सरकवावे लागते, म्हणून ते चूडीचे वाजे. ग्रामोफोनची सपाट तबकडी ताटासारखी मांडली जाते, म्हणून ते थाळीचे वाजे. मराठीने ‘कर्णा’, ‘तबकडी’ हे बोलीतले शब्द वापरलेच, पण त्यांच्या जोडीला ‘ध्वनिमुद्रिका’ असा भारदस्त संस्कृत शब्दही घडवला, ज्यातील ‘मुद्रिका’ म्हणजे ठसाही होतो आणि अंगठीही. सुरतेच्या बाजारातील नाव वस्तूच्या आकारावरून पडले आणि पुण्या-मुंबईच्या लेखनातील नाव तिच्या कार्यावरून. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने पहिली रीत अधिक उपयोगाची ठरते, कारण हाती आलेले यंत्र चूडीचे की थाळीचे हे ठरल्यावाचून त्याचा पुढचा विचारच करता येत नाही.

एडिसनने १८७७ च्या अखेरीस तयार केलेल्या पहिल्या फोनोग्राफमध्ये नळकांड्यावर कथलाचा पत्रा गुंडाळलेला होता आणि ध्वनीच्या लहरी सुईच्या टोकाने त्यात खोल-उथळ टोचल्या जात. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ज्याचे पेटंट मागितले त्या ग्रामोफोनमध्ये सुई खालीवर न होता डावी-उजवीकडे हलते आणि खाचेच्या भिंती नागमोडी होतात. हा फरक सांगायला बारीक असला, तरी एका जातीचे ध्वनिशीर्ष दुसऱ्या जातीच्या मुद्रिकेवर ठेवल्यास आवाज तर नीट निघत नाहीच, शिवाय खाचही बिघडते. बर्लिनरची आरंभीची यंत्रे हाताने फिरवावी लागत, त्यामुळे गाणाऱ्याचा सूर फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून राही. अमेरिकेतील कॅम्डन येथील एल्ड्रिज जॉन्सन या यंत्रकारागिराने १८९६ मध्ये त्याला चावीची मोटर जोडून दिली, आणि घड्याळजीच्या विद्येचा ग्रामोफोनशी संबंध जुळला तो तेव्हापासून. ग्रामोफोन कंपनीचे कुत्र्याचे जगप्रसिद्ध बोधचित्र हेसुद्धा एक प्रकारची दुरुस्तीच आहे : फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने मुळात फोनोग्राफ रंगवला होता, आणि १८९९ मध्ये कंपनीने चित्र विकत घेताना त्यावर ग्रामोफोन रंगवून घेतला. सुरतेच्या शब्दांत सांगायचे तर त्या चित्रातील थाळीवाज्याच्या रंगाखाली एक चूडीवाजे झाकलेले आहे.

हिंदुस्थानात या यंत्राचा व्यापार खऱ्या अर्थाने उभा राहिला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजान आणि इतर कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले. त्या ध्वनिमुद्रणाचे मेणाचे साचे जर्मनीतील हॅनोव्हरला गेले आणि तबकड्या तिथे छापून परत आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदा भागात छपाईचा कारखाना निघाला आणि पुढे १९२८ च्या सुमारास दमदमला मोठा कारखाना उभा राहिला. यांतील एकही टप्पा सुरतेत घडला नाही. सतराव्या शतकात पश्चिमेचा माल या बंदरातून देशात शिरत असे; विसाव्या शतकात तो मुंबईत उतरून उलट दिशेने सुरतेला येऊ लागला होता. १८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने मुंबई आणि सुरत जोडली गेली होती, दोन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती, आणि अडीचशे किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावरच्या मुंबईच्या पेठेतून यंत्रे, सुया, सुटे भाग व तबकड्या या सर्वांचा पुरवठा होई. म्हणून सुरतेतील ग्रामोफोनचा इतिहास हा उत्पादनाचा नसून वापराचा आणि दुरुस्तीचा आहे. तसा तो इलाख्यातील बहुतेक सर्व गावांचाच आहे, आणि तो कमी दर्जाचा इतिहास समजण्याचे काही कारण नाही.

जुन्या यंत्रांना लावल्या जाणाऱ्या ‘अस्सल’ या शब्दाविषयी येथेच एक खुलासा करणे भाग आहे. मोठ्या कंपनीच्या नावाची, जशीच्या तशी आयात झालेली यंत्रे हा या बाजाराचा एक भाग होता. दुसरा भाग जुळवणीच्या यंत्रांचा होता, ज्यांत स्वित्झर्लंडमधील सेंट-क्रवा या घड्याळे व वाद्यपेट्या बनवणाऱ्या गावच्या थोरेन्स, पाय्यार यांसारख्या कारखान्यांची मोटर असे, ध्वनिशीर्ष आणखी कोणाचे असे, आणि लाकडी पेटी इथल्या सुताराने सागवानात केलेली असे. अशा यंत्राला युरोपातील संग्राहक ‘मिश्र’ म्हणून बाजूला सारतो. परंतु ज्या देशात ते पहिल्या दिवसापासूनच मिश्र म्हणून विकले गेले, तिथे ते मिश्रपणच त्याचे मूळ रूप होय.

चावीच्या ग्रामोफोनचे अंतरंग समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीच्या परंपरेचे मोल ध्यानात येणार नाही. पेटीच्या बाजूला बसवलेला दांडा फिरवला की एका बंद डब्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी आवळली जाते. हिला घड्याळजींच्या भाषेत ‘कमान’ म्हणतात. घड्याळाची कमान दिवसभर किंवा आठवडाभर थोडा थोडा जोर देते, तर ग्रामोफोनच्या कमानीला तीन-चार मिनिटांत बराच जोर ओतायचा असतो, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुई सुमारे सव्वाशे मीटर लांबीची खाच घासत जाते आणि तिच्यावर ध्वनिशीर्षाचे शंभर ग्रॅमहून अधिक वजन असते. कमान रुंद, जाड आणि कित्येक मीटर लांब असते. तिच्या वेटोळ्यांमध्ये ग्राफाइट मिसळलेले वंगण भरलेले असते, म्हणजे पट्टी उलगडताना एक वेटोळे दुसऱ्यावरून सरकत राहते. हे वंगण वर्षानुवर्षांनी वाळून खळीसारखे होते, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि मग एकदम सुटतात. तेव्हा पेटीतून ‘धप्प’ असा आवाज येतो आणि गाणे उसळी खाते. जाणता कारागीर तो आवाज ऐकूनच सांगतो, की कमान तुटलेली नाही, फक्त धुवायची आहे. धुण्यासाठी ती डब्यातून बाहेर काढावी लागते, आणि ताणलेली कमान हातातून निसटली तर बोटे फाडते. म्हणून जाड कापडात धरून, एकेक वेटोळे सोडत ती काढण्याची रीत आहे.

कमान तुटते ती बहुधा टोकाशी : आतल्या दांड्याला अडकण्याच्या जागी किंवा डब्याच्या भिंतीला जिथे आकड्याने धरलेली असते तिथे. नवी कमान मिळत नसे किंवा परवडत नसे तेव्हा तुटलेला तुकडा कापून टाकायचा, उरलेले टोक लालबुंद तापवून हळूहळू निवू द्यायचे म्हणजे पोलादाचा कडकपणा जाऊन त्याला भोक पाडता येते, आणि त्या नव्या भोकात आकडा अडकवायचा, ही सर्वत्र चालणारी दुरुस्ती होती. टोक किती लांबवर तापवायचे यात सारे कसब आहे. कमी तापवले तर भोक पाडताना पट्टी तडकते, जास्त तापवले तर तेवढी कमान मऊ पडून निकामी होते. प्रत्येक वेळी कमान काही बोटे आखूड होई आणि यंत्र एका चावीत थोडे कमी चाले, इतके की शेवटी बारा इंची तबकडी संपण्याआधीच ते दम टाकी आणि मधेच चावी द्यावी लागे. या आखूडपणाकडे दोष म्हणून पाहण्यापेक्षा नोंद म्हणून पाहिले पाहिजे. डब्यातली जुनी कमान बाहेर काढून मोजली आणि तिच्या टोकावरचा तापवल्याचा निळसर डाग तपासला, तर ते यंत्र कसे वापरले गेले याचा असा पुरावा हाती येतो, जो कोणत्याही विक्रीच्या पावतीत मिळणार नाही.

कमानीचा जोर एकसारखा नसतो. पूर्ण आवळलेली असताना तो अधिक आणि उलगडत आल्यावर कमी. तरीही तबकडी एकाच गतीने फिरावी म्हणून मोटरमध्ये गतिनियंत्रक असतो, ज्याला कारागीर इंग्रजीतून आलेल्या ‘गव्हर्नर’ या नावानेच ओळखतात. एका उभ्या किंवा आडव्या दांड्याभोवती तीन पातळ पोलादी पट्ट्या आणि प्रत्येकीच्या मध्यावर एक वजन अशी त्याची रचना असते. गती वाढली की वजने बाहेर फेकली जातात, पट्ट्या वाकतात आणि दांड्यावरची एक चकती सरकून चामड्याच्या लहानशा गादीवर घासू लागते. त्या घर्षणाने गती आवरली जाते. तीनपैकी एक पट्टी तुटली किंवा एक वजन ढिले झाले, तर सूर डळमळतो. ही पट्टी घड्याळाच्या पातळ कमानीतून कापून घेता येते. चामडे वाळले तर चकती किंचाळते, आणि त्यावर तेलाचा एक थेंब एवढाच उपाय असतो.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला ही बाब युरोपीय श्रोत्यापेक्षा अधिक बोचते. ताटलीची गती मिनिटाला ७८ फेऱ्यांवरून सुमारे साडेत्र्याहत्तरवर आली की सारा सूर एका पट्टीने खाली उतरतो, म्हणजे काळी दोनमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गातो असे भासते. आणि त्याच्या गळ्याचा पोत बदलतो तो वेगळाच. शिवाय जुन्या, विशेषतः १९२५ नंतरच्या विजेच्या ध्वनिमुद्रणापूर्वीच्या तबकड्या नेमक्या ७८ च्या गतीने भरलेल्या असतीलच असे नाही. म्हणून गतीचा खुंटा ७८ च्या आकड्यावर नेऊन ठेवणे पुरेसे नसते. शेजारी हार्मोनियम ठेवून, गायकाची पट्टी ठाऊक असल्यास तिच्याशी ताडून खुंटा फिरवणे, हा यंत्राच्या कागदपत्रांत नसलेला पण या संगीताला आवश्यक असलेला भाग आहे. पश्चिमेकडील दुरुस्तीच्या पुस्तकांत हार्मोनियमचा उल्लेख नसणार हे उघडच आहे.

ध्वनिशीर्ष, म्हणजे ज्याला सर्वजण ‘साउंडबॉक्स’ म्हणतात तो डबीसारखा भाग, हा यंत्राचा कंठ होय. आरंभीच्या साउंडबॉक्समध्ये अभ्रकाचा पातळ पडदा असे. विजेच्या ध्वनिमुद्रणानंतर नक्षीदार घड्यांचा ॲल्युमिनियमचा पडदा आला, आणि १९३१ पासून विकल्या गेलेल्या १०२ क्रमांकाच्या एचएमव्हीच्या प्रवासी पेटीत तो सर्वांच्या परिचयाचा झाला. पडद्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी रबराच्या बारीक नळ्या बसवलेल्या असतात. उष्ण हवेत हे रबर काही वर्षांत दगडासारखे कडक होते, पडदा मोकळेपणाने थरथरू शकत नाही, आणि सुरांना खरखर चिकटते. ज्याला लोक ‘जुन्या तबकडीचा आवाज’ म्हणून गोड मानतात, त्यातला पुष्कळसा भाग या कडक रबराचा असतो. मऊ नळी बदलताच तीच तबकडी निराळी वाटू लागते. याउलट, साउंडबॉक्सच्या पाठीचा किंवा ध्वनिनलिकेच्या सांध्याचा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव भाग फुगून तडकला असेल, तर त्याला फारसा इलाज नाही. ओतताना धातूत राहिलेल्या शिशासारख्या अशुद्धीमुळे तो आतूनच कणाकणाने सुटत जातो, आणि उबदार दमट हवा ही क्रिया लवकर घडवते.

सुरतेची हवा अशीच आहे. तापीच्या मुखाजवळचे हे शहर पावसाळ्यात महिनोन्‌महिने ओलसर राहते; लोखंडी दांडे गंजतात, ताटलीवरच्या हिरव्या बनातीला बुरशी आणि कसर लागते, आणि सरसाने चिकटवलेले पेटीचे सांधे व पातळ लाकडी पापुद्रे सुटतात. १९६८ आणि २००६ या वर्षी तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग बुडवला. पुराच्या पाण्यात तबकडी स्वतः विरघळत नाही, परंतु तिच्या मधोमध असलेले कागदी नाव आणि भोवतीचे पाकीट लगद्यासारखे होऊन जाते, म्हणजे गाणे वाचते आणि गाणाऱ्याचे नाव जाते. गाळ मोटरमध्ये शिरला असेल तर चावी न देता संपूर्ण उकलून धुणे हाच मार्ग उरतो, कारण खाचेतला एक वाळूचा कण पितळी दात्यांना कानशीसारखा लागतो.

तबकडी आणि पेटी यांचे एक नाते येथे सांगण्यासारखे आहे. तबकडी लाखेची असते : लाखेच्या शुद्ध पापुद्र्यांत, म्हणजे चपड्यात, दगडाची भुकटी, कापसाचे तंतू आणि काजळी मिसळून ती दाबलेली असते. पेटीवरचे चकचकीत पॉलिशसुद्धा त्याच चपड्याचे, स्पिरिटमध्ये विरघळवलेले असते. यातील लाख मुख्यतः हिंदुस्थानच्या जंगलांतून जाई, हॅनोव्हरमध्ये तिच्या तबकड्या होत आणि त्या पुन्हा इकडे विकायला येत. दुरुस्तीच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट अगदी व्यावहारिक आहे : पेटीचे पॉलिश ज्या स्पिरिटने उतरते, त्याच स्पिरिटने तबकडी पुसली तर खाचाही उतरतात. चांगल्या हेतूने पुसून संपवलेल्या तबकड्या पुरात गेलेल्यांपेक्षा कमी नसाव्यात. तबकडीतील दगडाच्या भुकटीचाही एक हेतू होता. ती पोलादी सुईला घासून खाचेच्या आकाराची करते. म्हणून सुई प्रत्येक बाजूला नवी घालायची असे. काटकसरीपायी तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली की घासून धारदार झालेल्या तिच्या कडा पुढची तबकडी कापू लागतात, आणि आज मिळणाऱ्या करड्या पडलेल्या तबकड्या बहुतांशी या काटकसरीच्या आहेत.

परदेशी यंत्र उघडून त्याला आपले करण्याची घटना सुरत बंदराच्या इतिहासात ग्रामोफोनपेक्षा तीनशे वर्षे जुनी आहे. सप्टेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेला उतरला तेव्हा जहांगीरसाठी आणलेल्या नजराण्यात एक इंग्रजी घोडागाडी होती आणि तिच्यासोबत ती हाकणारा माणूसही होता. ती गाडी अजमेरला पोचल्यावर बादशहाच्या कारागिरांनी तिच्या नमुन्यावर दुसरी गाडी तयार केली, आणि मूळ गाडीवरचे मखमली आच्छादन काढून टाकून तिला नवे भारी वस्त्र चढवले. नोव्हेंबर १६१६ मध्ये बादशहा अजमेरहून निघाला तो नव्या नकलेत बसून. नव्याने मढवलेली इंग्रजी गाडी त्याने नूरजहाँला दिली होती. जुन्या वस्तूच्या जीर्णोद्धाराविषयी आज जे वाद चालतात त्यांचे सर्व पक्ष या एका प्रसंगात सापडतात : नक्कल कशाला म्हणावे, मूळ कशाला म्हणावे, आणि मूळ वस्तूचे कापड बदलले तर ती मूळ राहते का. जहांगीरला हा प्रश्न पडला नाही, कारण त्याच्यासाठी ती गाडी पुराणवस्तू नव्हती, वापरायची वस्तू होती. सुरतेत किंवा मुंबईत कमान तापवून भोक पाडणाऱ्या कारागिरापुढेही १९४० मध्ये हाच साधा व्यवहार होता.

या व्यवहाराला इतर देशांपेक्षा इथे अधिक आयुष्य लाभले. युरोप-अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी चावीच्या यंत्राला दुसऱ्या महायुद्धापूर्वीच मागे टाकले, पण जिथे गावांत वीजच नव्हती तिथे चावीला पर्याय नव्हता, आणि ७८ च्या गतीच्या तबकड्या हिंदुस्थानात १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिल्या. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ पासून सुमारे दोन दशके ‘यंग इंडिया’ या नावाने स्वस्त तबकड्या काढून हौशी व प्रादेशिक गायकांनाही जागा दिली होती. त्यानंतर ट्रान्झिस्टर आणि कॅसेट आली, आणि दुरुस्ती करणारा कारागीर शिलाईयंत्र, घड्याळ, कुलूप या इतर कामांकडे वळला. कौशल्य नाहीसे झाले नाही, त्याचे गिऱ्हाईक नाहीसे झाले.

गिऱ्हाईक परतले ते वेगळ्या रूपात. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीट आणि इतर शहरांच्या जुन्या बाजारांतून गेली काही दशके पितळी कर्ण्याचा, अष्टकोनी पेटीचा, कुत्र्याचे चित्र असलेला एक ‘जुना’ ग्रामोफोन विकला जातो. त्यातली मोटर बहुधा एखाद्या प्रवासी पेटीतून काढलेली असते, कर्णा नव्याने ठोकलेला असतो, आणि कर्ण्याला जोडणारी नळी पुढे क्रमाने रुंद होत जाण्याऐवजी एकाच जाडीची वाकवलेली असते. मूळ यंत्रांच्या नळीचा व्यास हळूहळू वाढत जातो, कारण ध्वनीला तसाच रस्ता लागतो. पेटीच्या तळाला न वापरलेली जुनी भोके आणि चकाकणारे नवे स्क्रू एकत्र दिसले की निर्णय करायला आणखी काही लागत नाही. यात वाईट एवढेच नाही की विकत घेणारा फसतो. अशा प्रत्येक कर्ण्यासाठी एक साधी, खरी, काळ्या रेक्झिनची प्रवासी पेटी फोडलेली असते, आणि तिच्यासोबत तिच्या आखूड कमानीचा, घड्याळाच्या पट्टीने सांधलेल्या गव्हर्नरचा, कोणा कारागिराने आतल्या पत्र्यावर खिळ्याने कोरलेल्या तारखेचा पुरावाही. जुळवणीची यंत्रे पूर्वीही होती, हे वर सांगितलेच आहे. परंतु ती गाणे ऐकण्यासाठी जुळवलेली होती, ही दिवाणखान्यात ठेवण्यासाठी जुळवलेली आहेत. हा फरक नसल्यासारखे वागणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

ज्या घरी अशी खरी पेटी उरली असेल त्यांनी ती चालते का हे पाहण्यासाठी एकदम पूर्ण चावी देऊ नये. आधी कमान धुऊन घ्यावी, बदललेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून पेटीतच ठेवावा, आणि नवे पॉलिश चढवण्याची घाई करू नये. तबकड्यांच्या नोंदींचे काम १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून मोठ्या चिकाटीने केले. तेवढ्या चिकाटीने यंत्रांच्या दुरुस्तीची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही.

नीट दुरुस्त केलेल्या यंत्रावर अब्दुल करीम खाँ यांचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला आवाज आजही ऐकता येतो, आणि भडोचमध्ये वाढलेल्या ओंकारनाथ ठाकूर यांचाही. सुरतेजवळच्या, त्या वेळी बडोदे संस्थानात असलेल्या कठोर गावी १८६९ मध्ये जन्मलेले गायक भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते, म्हणजे थाळीवाजे या भागात आल्यानंतर जवळजवळ वीस वर्षे. त्यांच्या शिष्यांपैकी बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्या तबकड्या आहेत. बुवांची एकही उपलब्ध नाही.